नापास व्युत्पत्ती

रविवारच्या पुरवणीतील शब्दकथेत इंग्रजी ‘पास’चे मूळ संस्कृत ‘पार्श्व’मध्ये सापडल्याचे वाचले. यश ‘पाशी’ आले की विद्यार्थी ‘पास’! सोमवारी हाच मजकूर नातीच्या शाळेत परिपाठाला वाचला गेला आणि मंगळवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांसकट फिरू लागला. पेपरात छापून आले म्हणजे खरेच असणार, असे मानणारी माणसे अजून आहेत, म्हणून हे पत्र.

‘पार्श्व’वरून मराठीत ‘पाशी’ आले, हिंदीत ‘पास’ आला, हे खरे. इंग्रजी ‘पास’चा मात्र त्या घराण्याशी सुतराम संबंध नाही. तो लॅटिन ‘पासुस’चा. पासुस म्हणजे पाऊल. त्यावरून बोलीतल्या लॅटिनमध्ये ‘पासारे’ झाले, फ्रेंचांनी त्याचे ‘पासे’ केले, आणि १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांची जी रीघ लागली तीत हाही इंग्रजीत शिरला. रोमन लोक अंतर याच पासुसने मोजत. डावा पाय उचलला तिथपासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंत एक पासुस, म्हणजे पाच रोमन फूट. असे हजार झाले की मैल; ‘माइल’ हा शब्दच लॅटिनमधल्या हजाराचा.

आता कुणी म्हणेल, पाऊल ना, मग आपल्या ‘पद’वरून आला असेल. तेही नाही! ‘पद’चा लॅटिन भाऊबंद ‘पेस’, ज्याच्यापासून ‘पेडल’ आणि ‘पेडेस्ट्रियन’ निघाले. पासुस निघतो ताणणे, पसरणे या अर्थाच्या ‘पांडेरे’ धातूतून. टांग ताणली की पाऊल पडते. कानाला सारखे लागले की नाते जुळले, ही व्युत्पत्ती नव्हे. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्याचे मांडले, तेव्हाही ते मूळ कदाचित आज उरलेले नाही असेच म्हटले होते. संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, बहीण. बहीण म्हणण्यात कमीपणा तो कसला?

पाऊल पुढे पडते हे एकदा लक्षात आले की बाकीचे अर्थ आपसूक सुटतात. वेळ सरते, चेंडू दुसऱ्याच्या पायाशी जातो, विधेयक सभागृहातून पुढे सरकते, पोरगा परीक्षेच्या पलीकडे जातो. संस्कृतचाच अभिमान असेल तर ‘उत्तीर्ण’ पाहावा. त्यातला धातू तरून जाण्याचा. उत्तीर्ण झालेला पैलतीरी लागलेला असतो. आपला ‘काठावर पास’ मला तरी त्याच पाण्यातून जेमतेम बाहेर आलेला वाटतो. इतके अस्सल घरात असताना लेखकाला खोटी वंशावळ का लागावी?

कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ पासून उपलब्ध आहे. आमच्या वाचनालयातही आहे, पण कुलूपबंद कपाटात, आणि किल्ली कुणाकडे हे काउंटरवर कुणालाच ठाऊक नाही. वर्गणी मात्र वेळेवर मागतात. मुलांनी मग व्हॉट्सॲपच वाचायचे.

दुरुस्ती छापणार असाल तर शब्दकथेच्याच जागी, तेवढ्याच टायपात छापा. छोट्या जाहिरातींच्या खाली नको.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा