आश्रयार्थी आणि आमची कायदेव्यवस्था

पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, बहरोटच्या गुंफांत, पारशी निर्वासितांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे राखला अशी त्यांची परंपरा सांगते. आज त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागते, तर दस्तऐवजांअभावी त्यांची रवानगी प्रथम पोलीस ठाण्यातच झाली असती. कारण भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही, आश्रयाचे अर्ज ऐकणारे स्वतंत्र न्यायालय येथे नाही, आणि आपण परकीय नसल्याचे सिद्ध करण्याचा भार 1946 च्या परकीय नागरिक कायद्याने आरोपीच्याच माथी ठेवला होता. परिणामी छळातून निसटलेली स्त्री आणि नफेखोर घुसखोर एकाच दफ्तरात नोंदले जातात, हा मला सरळ अन्याय वाटतो.

मुंबई उच्च न्यायालयाने 1994 साली संयुक्त राष्ट्रांची मान्यता असलेल्या एका इराणी निर्वासितास इराणला धाडण्यास नकार दिला. उलट सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली, जीविताचा हक्क परकीयांसही आहे हे मान्य करूनही, हद्दपार न होण्याचा हक्क नागरिकांपुरताच ठरवला. म्हणजे दुर्बलाचे भवितव्य कायद्यावर नव्हे, तर सुनावणीस बसलेल्या न्यायमूर्तींच्या प्रकृतीवर अवलंबून राहते. संसदेने 2025 साली परकीयांविषयी नवा कायदा केला, पण त्यातही आश्रयार्थ्याची स्वतंत्र व्याख्या केली नाही. ती करण्यास कोणता अडसर होता?