अंदाजपत्रकात नागरिकाचे स्थान कोठे?

पहिला मोठा पाऊस पडला, गल्लीत पाणी साचले आणि रस्त्यावरचे खड्डे उघडे पडले की शहरातील प्रत्येक माणूस महानगरपालिकेचा टीकाकार होतो. वर्तमानपत्रांकडे पत्रे येतात, क्षेत्रीय कार्यालयातील लिपिकाच्या टेबलावर अर्जांची चवड साचते आणि नगरसेवकाच्या दारी रहिवाशांचे शिष्टमंडळ जाऊन उभे राहते. हा संताप रास्त असतो; परंतु तो उशिरा आलेला असतो. जूनमध्ये तुंबलेल्या गटाराचे भवितव्य त्या आधीच्या हिवाळ्यातच ठरून गेलेले असते. त्या दिवसांत आयुक्त स्थायी समितीपुढे अंदाजपत्रक मांडतात, समिती त्यात आपली भर घालते आणि नवे आर्थिक वर्ष उजाडण्यापूर्वी मुख्य सभा ते संमत करते. तरतूद गटारासाठी करावयाची की चौकातील कारंज्यासाठी, याचा निवाडा तेथे होतो. त्या निवाड्याच्या वेळी नागरिक घरी असतो आणि परिणाम भोगण्याची पाळी आली म्हणजे रस्त्यावर येतो. नागरी सेवांविषयीची बहुतेक चर्चा निष्फळ ठरते, याचे मूळ या काही महिन्यांच्या अंतरात आहे.

नगराचा पैसा कशावर खर्च व्हावा, हा वाद काही आजचा नाही. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्य संस्थांकडे लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले. त्याच्याही आधी, १८७६ पासून, महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी त्याला विरोध केला आणि ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी असे सुचविले. रक्कम आज क्षुल्लक वाटेल. परंतु त्यांनी तक्रार कोठे केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कमानी उभ्या राहून गेल्यावर त्यांनी निषेध नोंदविला नाही. खर्च मंजूर होत असतानाच त्यांनी आपला हात आडवा घातला. लोकसहभाग या शब्दाला काही अर्थ असेल तर तो हाच होय.

पुण्यात या दिशेने एक पाऊल २००६ साली पडले. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ मध्ये अंदाजपत्रक ठरविताना वस्त्यावस्त्यांतील रहिवाशांना थेट स्थान देण्याची पद्धत सुरू केली होती. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन पुणे महानगरपालिकेने नागरिकांकडून पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी कामे मागविण्यास प्रारंभ केला. रहिवाशाने अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यावा, अभियंत्याने खर्चाचा अंदाज काढावा, प्रभाग समितीने त्यातून निवड करावी आणि निवडलेली कामे अंदाजपत्रकात समाविष्ट व्हावीत, अशी ही रचना होती. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपयांची ठेवण्यात आली. पदपथ, पथदिवे, बसथांबे, बाकडी, सार्वजनिक स्वच्छतागृहे अशी किती तरी कामे या मार्गाने झाली. ज्या देशात अंदाजपत्रक हे गोपनीय दस्तऐवजासारखे हाताळण्याची सवय आहे, तेथे या प्रयोगाचे मोल कमी लेखता येणार नाही.

तथापि त्याच्या मर्यादाही लवकरच स्पष्ट झाल्या. महानगरपालिकेच्या एकूण खर्चाच्या मानाने हा वाटा अत्यल्प राहिला. पाच लाखांत बाकडे बसते, सांडपाण्याची वाहिनी बदलत नाही. ती तर अनेक प्रभागांतून जाते आणि डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे नागरिकांच्या मागण्या आपोआपच किरकोळ व दर्शनी कामांकडे वळल्या. सूचना करणारा वर्गही ठराविकच राहिला. ज्यांना वर्तमानपत्रातील निवेदन वाचण्याची सवय आहे, अर्ज भरण्याचे कौशल्य आहे आणि कार्यालयात खेटे घालण्यास सवड आहे, त्यांचा आवाज पोहोचला. ज्या वस्तीत पहाटे नळावर रांग लागते, तेथील मोलकरणीला वा बांधकाम मजुराला एका अर्जासाठी दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही. सहभागाचे दार सर्वांना उघडे असले, तरी त्या दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च सर्वांना सारखा नसतो.

याखेरीज एक अडचण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. रस्त्यावरचा दिवा सभेला गेलेल्याला जेवढा प्रकाश देतो, तेवढाच न गेलेल्यालाही देतो. मग आपण कशाला जा, दुसरा कोणी जाईलच, असा हिशेब प्रत्येक जण मनाशी करतो आणि सभागृह रिकामे राहते. लोक उदासीन आहेत, असा निष्कर्ष यावरून अधिकारी काढतात. वस्तुतः तो उदासीनतेपेक्षा अनुभवाचा परिणाम असतो. दोनदा सूचना केली आणि ती का नाकारली हे एकदाही कळले नाही, तर तिसऱ्यांदा अर्ज करणारा मनुष्य विरळाच.

ही कोंडी फुटू शकते याचे उदाहरणही पुण्यातच आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली व तिला डॉ. बाबा आढाव यांचे नेतृत्व लाभले. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महानगरपालिकेने तिच्याशी करार केला. घरोघर जाऊन कचरा गोळा करावयाचा, घरटी दरमहा ठरलेले शुल्क घ्यावयाचे आणि विकण्याजोग्या मालाचे उत्पन्न कचरावेचकांना मिळावयाचे, असे त्याचे स्वरूप. रहिवाशाच्या वाट्याला आले ते ओला व सुका कचरा वेगळा करण्याचे रोजचे काम. या व्यवस्थेवर वाद झाले, कराराच्या नूतनीकरणाचे प्रश्नही वेळोवेळी उद्भवले. परंतु ती वर्षानुवर्षे तग धरून राहिली, कारण तीत कोणी काय करावयाचे आणि त्याबद्दल कोणाला काय मिळावयाचे, हे प्रथमच ठरवून दिलेले होते. हाती झाडू घेऊन छायाचित्रापुरती होणारी स्वच्छता मोहीम दुसऱ्या दिवशी विस्मरणात जाते. जबाबदारी आणि मोबदला यांची नोंद असलेले काम चालू राहते.

कायदा या बाबतीत नागरिकांच्या विरुद्ध आहे असेही नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्रात या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींना स्थान देण्याची तरतूद झाली. २००९ मध्ये राज्याने आणखी पुढे जाऊन क्षेत्रसभेची तरतूद केली. लगतच्या काही मतदान केंद्रांच्या परिसरातील सर्व मतदार या सभेचे सभासद, आणि नगरसेवकाने ती बोलावून तेथे परिसरातील कामांचा प्राधान्यक्रम ठरवावा, अशी ही कल्पना. खेड्यात जी ग्रामसभा, तिचेच हे शहरी रूप म्हणता येईल. परंतु फार थोड्या मतदारांना आपण अशा एखाद्या सभेचे सभासद आहोत याची कल्पना असेल. बहुतेक ठिकाणी क्षेत्रसभा कागदावरच राहिली आणि ती का भरत नाही असे विचारणारेही मूठभरच निघाले. त्यातच पुण्यात २०१७ पासून बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाल्याने उत्तरदायित्व चौघांत विभागले गेले. म्हणजे व्यवहारात ते कोणाकडेच उरले नाही.

यावर कळस चढविला तो प्रशासकीय राजवटीने. २०२२ मध्ये मुदत संपलेल्या पुणे, मुंबईसारख्या महानगरपालिकांचा कारभार जवळजवळ चार वर्षे एकट्या प्रशासकाच्या हाती होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर निवडणुकांना चालना मिळाली आणि जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मधल्या काळात कोट्यवधी रुपयांची अंदाजपत्रके लोकप्रतिनिधींच्या चर्चेविना मंजूर झाली. ही गोष्ट एखाद्या विधानसभेच्या बाबतीत घडती, तर देशभर गहजब झाला असता. शहरांच्या बाबतीत ती निमूटपणे खपून गेली, हे नागरी जीवनाच्या सुदृढतेचे लक्षण खचित नव्हे.

लोकांच्या हाती निर्णय दिल्यास कामे रेंगाळतील, मूठभर दांडग्या मंडळींचे फावेल आणि तांत्रिक बाबी सामान्यांना कळणार नाहीत, असे आक्षेप घेतले जातात. ते अगदीच निराधार नाहीत. जलवाहिनीचा व्यास किती असावा हे सभेत हात वर करून ठरविता येत नाही. परंतु कोणत्या वस्तीत पाणी येत नाही, रात्री कोणत्या वळणावर मुली जाण्यास भितात, कोणत्या शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडता येत नाही, हे अभियंत्याहून तेथील रहिवासी अधिक जाणतात. गरज नागरिकांनी सांगावी आणि उपाय तज्ज्ञांनी योजावा, अशी ही साधी वाटणी आहे. दांडगाईला उत्ताराही हाच, की सभा उघडपणे आणि वारंवार भरावी. बंद दाराआड होणारी निवड दांडग्यांना अधिक सोयीची असते.

पैशाचा प्रश्नही टाळता येणार नाही. भारतातील महानगरपालिकांचे एकत्रित उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्याभोवतीच घुटमळत असल्याचे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालाने दाखविले. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण सुमारे सात टक्के आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे स्वतःचे एक मोठे साधन संपुष्टात आले आणि त्या राज्याच्या भरपाईवर अवलंबून राहू लागल्या. हाती उरला तो प्रामुख्याने मिळकतकर. तो चुकविणाऱ्याने खड्ड्यांविषयी बोलण्याचा अर्धा अधिकार गमावलेला असतो, आणि तो नियमित भरणाऱ्याला त्याचा विनियोग विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. हा अधिकार वापरला गेला, तरच कर भरण्याची वृत्तीही वाढेल.

यासाठी नव्या कायद्याची वा मोठ्या निधीची आवश्यकता नाही. नव्या नगरसेवकांनी दिवाळीपूर्वी क्षेत्रसभा बोलवावी, म्हणजे तिचे ठराव अंदाजपत्रकापूर्वी प्रशासनाच्या हाती पडतील. ती सुटीच्या दिवशी वा सायंकाळी, वस्तीतील शाळेत भरावी. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या दर्शनी भागात चालू कामांची यादी, मंजूर रक्कम, ठेकेदाराचे नाव आणि मुदत मराठीत लावावी. नाकारलेल्या सूचनेचे कारण अर्जदाराला लेखी कळवावे. नागरिकांच्या सूचनांसाठी राखलेल्या रकमेचा निश्चित हिस्सा झोपडवस्त्यांसाठी असावा. महाविद्यालयांनीही आपल्या प्रभागातील दिवे, पदपथ व स्वच्छतागृहे यांची पाहणी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. नागरिकशास्त्राचा तो धडा पुस्तकातील व्याख्येपेक्षा अधिक काळ स्मरणात राहील.

पावसाळा दर वर्षी येणार आणि गटारेही तुंबणार. परंतु पाणी दारात येईपर्यंत वाट पाहावयाची, की ते ज्या कागदावर अडविता येते त्या कागदापाशी वेळेवर पोहोचावयाचे, हे मात्र नागरिकाच्या हाती आहे.