विश्लेषण : सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना आधी ‘शेवटची तारीख’ का पाहायची?

पतसंस्थेचे हिशेब, रुग्णालयातील नोंदी, महाविद्यालयाचे ऑनलाइन प्रवेश हे सगळे कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर चालते. तो घेताना प्रोसेसर, रॅम आणि किमतीवर भरपूर चर्चा होते. ऑपरेटिंग सिस्टीमबाबत मात्र ‘विक्रेता टाकून देईल ती’ असा कारभार असतो. फार तर विंडोज की लिनक्स, असा वाद रंगतो. पण त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. या सिस्टीमला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार? आणि ते टाकणार कोण?

सेंटओएसचे काय झाले?

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ही सशुल्क सिस्टीम. तिच्याच सोर्स कोडवरून तयार होणारी मोफत आवृत्ती म्हणजे सेंटओएस. वेब होस्टिंगच्या क्षेत्रात ती वर्षानुवर्षे लोकप्रिय होती. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आली, तेव्हा तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असे गृहीत धरले गेले. पण डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, की तिचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल. गंमत म्हणजे, जुनी सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालली. नवी आवृत्ती घेणाऱ्यांनाच आधी घर बदलावे लागले. त्यातूनच २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे मोफत पर्याय उभे राहिले.

मोफत सिस्टीम वाईट, असा याचा अर्थ नाही. तिच्या भवितव्याचा निर्णय कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहायला हवे, एवढाच याचा धडा.

अपडेट थांबले, तर बिघडते काय?

वरवर पाहता काहीच नाही. सर्व्हर दुसऱ्या दिवशीही सुरूच राहतो आणि खरा धोका तोच आहे. नव्याने सापडलेल्या त्रुटी मग कधीच बुजत नाहीत.

मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याने दुसरी बाजू दाखवली. हा हल्ला ज्या त्रुटीतून झाला, तिच्यावरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते टाकले नाही, त्यांचे संगणक सापडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेला रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. म्हणजे अपडेट मिळणे पुरेसे नाही, ते वेळेवर टाकणारा माणूसही लागतो.

कोणाची मुदत किती?

* उबंटू एलटीएस : दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये नवी आवृत्ती, पाच वर्षे मोफत अपडेट. एलटीएस नसलेल्या आवृत्तीला फक्त नऊ महिने मिळतात, त्यामुळे ती सर्व्हरवर टाकू नये.
* डेबियन : स्वयंसेवकांचा प्रकल्प. तीन वर्षे नियमित आणि पुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार.
* रेड हॅट : दहा वर्षे, सशुल्क. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्सही प्रत्येक आवृत्तीला साधारण तेवढीच मुदत मोफत देतात.
* विंडोज सर्व्हर : साधारण दहा वर्षे. २०१२ च्या आवृत्तीची मुदत १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली, २०१६ च्या आवृत्तीची १२ जानेवारी २०२७ ही आहे. परवाना प्रोसेसरच्या कोअरनुसार, किमान १६ कोअरचा घ्यावा लागतो. शिवाय वापरकर्त्यांसाठीचे परवाने वेगळे.

मग निवड कशी करायची?

सुरुवात सॉफ्टवेअरपासून करा. तुमचे हिशेबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर वाद तिथेच संपतो. साधी वेबसाइट किंवा पीएचपी, मायएसक्यूएलवरचे काम असेल, तर लिनक्सवर परवान्याचा खर्च वाचतो. पण वाचलेल्या पैशांतला काही भाग देखभालीसाठी ठेवायलाच हवा. लिनक्स जाणणारा माणूस हाताशी नसेल आणि बिघाड झाल्यावर दोन दिवस काम ठप्प होणार असेल, तर ‘फुकट’ सिस्टीम महागात पडते. उलट, सवयीपोटी विंडोज घेऊन पुढे अपडेटच बंद करून ठेवणेही तितकेच धोक्याचे.

सर्व्हरचे यंत्र सहज पाच-सात वर्षे वापरले जाते. मुदतीची दोनच वर्षे उरलेली सिस्टीम त्यावर टाकली, तर मधेच सगळा डेटा हलवण्याची वेळ येते. म्हणून कोटेशन मागवतानाच तीन गोष्टी लेखी घ्या : सिस्टीमचे नाव व आवृत्ती, तिच्या सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख आणि अपडेट टाकण्याची जबाबदारी कोणाची. त्या तारखेच्या वर्षभर आधी स्थलांतराची तयारी सुरू करा.

सर्व्हरवर माहिती संस्थेची असली, तरी ती खातेदारांची, रुग्णांची, विद्यार्थ्यांची असते. हे तीन प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत विचारण्यासाठी इंजिनीअर असावे लागत नाही.