जर्मनी किल्ल्यात नाही, खिडकीत आहे

गेममध्ये जर्मनी दाखवायचा म्हणून लाकडी चौकटींची घरं आणि नॉयश्वानस्टाइनसारखा किल्ला ठोकून देणं, याला मी सरळ आळस म्हणतो. तो किल्लाच मुळात देखावा आहे: १८६९ मध्ये बांधायला घेतलेला, नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्तियान यांकच्या चित्रांवरून. माणसं राहतात ती दुसरीकडे. खरखरीत गिलावा, खिडकीवर बाहेरून उतरणारं शटर, वरच्या बाजूने आत कलणारं तावदान, पूर्वेकडे १९७०च्या दशकातल्या काँक्रीट पॅनलच्या इमारती, अंगणात कागदाचा, प्लास्टिकचा, ओल्या कचऱ्याचा वेगवेगळा डबा. कंटाळवाणं वाटतं? खेळाडू किल्ला एकदाच बघतो. आडोसा मात्र याच भिंतींचा घेतो. मॅपमध्ये देश हवा असेल, तर पोस्टकार्ड फेका आणि तिथला कचरा कुठे जातो ते आधी शोधा.