खाटेवरच्या रुग्णाला बाहेर कोण काढणार?

2021 मध्ये 9 जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत 10 नवजात बाळे गेली. 21 एप्रिलला आमच्या नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन गळतीने 22 रुग्ण दगावले. 6 नोव्हेंबरला अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत 11 जण गेले.

तिन्ही रुग्णालये सार्वजनिक. गरिबांना दुसरा दरवाजा नसतो. उठून पळणे या रुग्णांना शक्यच नव्हते. म्हणूनच कोणाला, कोण, कोणत्या जिन्याने, कोणत्या सिलिंडरसह हलवणार, हे रात्रपाळीलाही पाठ हवे.

राज्याच्या 2006 च्या कायद्यानुसार दर जानेवारी-जुलैत अग्निसुरक्षा प्रमाणपत्र द्यावे लागते. ते आणि शेवटच्या सरावाची तारीख आपण माहिती अधिकारात मागू या. संविधानाच्या कलम 21 मधला जगण्याचा हक्क खाटेवरही लागू असतो.