चिठ्ठी कोणाची, भरपाई कोणाची?

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिला विरोध करण्याचे कारण नाही. खतावणीतील खाडाखोडीवर ज्यांचे राजकारण पोसले गेले, त्यांनाच संगणक अडचणीचा वाटेल. परंतु धाराशिव जिल्ह्यात परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या सोसायट्यांचे हिशेब यंत्रावर जात असताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. यंत्राने भलत्याचाच हुकूम बजावला, तर नुकसान कोणी सोसायचे?

प्रश्न काल्पनिक नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर आहे. त्याच्या चौदाव्या मालिकेतील काही आवृत्त्यांत ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’ या जातीचा दोष असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. खाती पुसणे, पासवर्ड बदलणे, नसलेले अधिकार देणे हे त्या वाटेने शक्य होते. (आपल्या सोसायट्यांत हेच सॉफ्टवेअर आहे, असे मुळीच सुचवायचे नाही. उलट त्याची संहिता सर्वांना खुली आहे, ही त्याची जमेची बाजू.)

या दोषात पासवर्ड चोरावाच लागत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. कचेरीतील विश्वासू शिपाई डोळ्यांपुढे आणा. खजिनदार त्याला ओळखतो. त्याने आणलेल्या चिठ्ठीवर पैसे देतो. कोणी परका हळूच आपली चिठ्ठी त्याच्या हाती सरकवतो. शिपाई खरा, चिठ्ठी खोटी. खजिनदार मात्र केवळ शिपायाचे तोंड पाहतो. संगणकातील ब्राउझर हा असाच शिपाई. गटसचिवाने एकदा प्रवेश केला की ओळखीची खूण ब्राउझरपाशी राहते. त्याच वेळी त्याने आमिषाचे एखादे पान उघडले, तर ते पान त्याच्या नकळत हुकूम धाडते आणि खूण आपोआप सोबत जाते. प्रत्येक अर्जावर परक्याला वाचता न येणारे गुप्त चिन्ह घालून ते पडताळणे, हा उपाय जुना आणि स्वस्त आहे. तो करणे हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचे काम. गटसचिवाच्या हाती त्यातले काहीच नाही.

आणि तरीही नोंद होते ती गटसचिवाच्या नावावर! महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी पदाधिकारी व कर्मचाऱ्यांवर निश्चित करता येते. चौकशी अधिकाऱ्यापुढे यंत्राची नोंद एका बाजूला आणि तुटपुंज्या पगाराचा माणूस दुसऱ्या बाजूला, असा हा सामना आहे. ब्रिटनमध्ये काय घडले ते पाहा. तेथील टपाल खात्याच्या होरायझन प्रणालीतील दोष निराळे होते. पण यंत्र खोटे बोलणार नाही, या समजुतीपायी १९९९ ते २०१५ या काळात नऊशेंहून अधिक उपडाकपाल दोषी ठरले. काहींना तुरुंग भोगावा लागला. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडले. श्रीमंत लोकशाहीत हे घडते, तर कळंब-भूमच्या गटसचिवाची बाजू कोण ऐकणार?

म्हणून मागणी नेमकी हवी. सोसायटीच्या सॉफ्टवेअरची स्वतंत्र सुरक्षा-तपासणी व्हावी, तिचा अहवाल मराठीत सभासदांना मिळावा. आणि हुकूम खरोखर त्या माणसानेच दिला हे सिद्ध करण्याचा भार प्रणाली पुरवणाऱ्यावर असावा, त्या माणसावर नव्हे. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी होतात. आपल्या कार्यकर्त्यांनी हा ठराव आपापल्या गावी लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.