जुना ग्रंथ वाचताना

१८५७ च्या उठावाची गोष्ट निघाली की विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे नाव हमखास निघते. वाचक मग थेट झाशीचे प्रकरण उघडतो, राणी लक्ष्मीबाईंविषयीची पाने वाचतो आणि ग्रंथ मिटतो. ही रीत त्या ग्रंथावर अन्याय करणारी आहे.

गोडसे भटजी इतिहास पाहण्यास निघाले नव्हते. घरावर कर्ज होते. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, या आशेने कोकणातील वरसई गावचा हा गरीब भिक्षुक घराबाहेर पडला आणि वाटेत उठाव आडवा आला. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. पुढच्या कत्तलीत जीव मुठीत धरून लपले. मिळालेली दक्षिणा लुटली गेली. घरी पोहोचली ती गंगेची कावड.

ग्रंथात ऐकीव हकिगतीही आहेत. त्या तपासूनच घ्याव्यात. परंतु स्वतःचे भय लेखकाने लपवलेले नाही, आणि तेथेच त्याच्यावर विश्वास बसतो.

चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये हा ग्रंथ फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. वाचकाने हीच घ्यावी. जुनी भाषा अडेल, अडू द्यावी. आरंभ मात्र कर्जाच्या हकिगतीपासून करावा; झाशी वाटेत येईलच.